फक्की

पहाटे साडेचारला मी डबा घेऊन निघतो.
डबा डालड्याचा, बुडाला खिळ्यानं पाडलेली एकवीस भोकं,
त्यातली तीन बुजलेली.
भुसावळला मे महिन्यात सात वाजले
की फक्की कुठली आणि ऊन कुठलं कळत नाही,
म्हणून आधी.

काल रात्री रिझवाननं मोबाइल पुढं केला.
तिकडं युरोपात एकदा
मोठाल्या क्लबांच्या मालकांनी ठरवलं होतं म्हणे
आपापसातच खेळायचं,
कुणी खाली पडायचं नाही,
खालून कुणी वर यायचं नाही.
गेटाबाहेर माणसं उभी होती फलक घेऊन,
एक म्हातारी नुसतीच,
गळ्यात मफलर, हातात काही नाही.
दोन दिवसांत मोडलं ते.
रिझवान म्हणाला, बाबा, आपल्याकडं मोडेल का?

कारण युरोप आपल्याकडं पॅसेंजरनं यायचं,
या वेळी गीतांजलीनं आलं.

हायवेवरच्या हॉटेलात, एसी हॉलमध्ये
जिनिंगवाले छाजेड, केळीवाले फिरके, प्लॉटिंगवाले वाणी
शेवभाजीच्या तर्रीवर बसले आणि उठले
तेव्हा कागदावर आठ संघ होते, कायमचे.
प्रवेश फी पाच लाख.
लोको शेड आहे त्यात. शेडची पोरं नाहीत,
नुसतं नाव घेतलंय.
फैजपूर नाही. वरणगाव फॅक्टरी नाही.
यावल नाक्याचा संघ तर कुणाला आठवलाही नाही.

चहावाला नथू अमळनेरचा, कप विसळत म्हणाला,
बठ्ठा पैसाना खेय शे, भो.
मी काही बोललो नाही.
मला फैजपूरची ती पोरं आठवत होती.
केळीच्या ट्रकमधून उतरली होती, घडांच्या वर बसून आलेली,
जर्सीवर चिकाचे काळे डाग.
केळीचा चीक जात नाही, कापड फाटतं, डाग राहतो.
दोन-एकनं हरवलं त्यांनी लोको शेडला,
आणि शेड गेली बी डिव्हिजनमध्ये.
गोलकीपर भारंबे पाण्याच्या टाकीमागं जाऊन रडला,
मग नळाला तोंड लावलं,
मग मला म्हणाला, सबदरचाचा, गोलपोस्टाजवळ
उद्या जरा माती टाका, खड्डा पडलाय.
उद्या!
वर यायला दोन वर्षं लागली त्यांना.
ती दोन वर्षं मी रोज माती टाकली.

शेठचा माणूस परवा येऊन गेला.
चांगला पोरगा, वाकून बोलतो.
चाचा, तुम्हालाही घेऊ, गेटवर.
फक्की नाही लागणार,
हिरवा गालिचा येतोय पुण्याहून,
रेषा विणूनच येतात त्यात.
मी विचारलं, वाकडी झाली तर?
होतच नाही म्हणाला.

माझी होते.
डाव्या पेनल्टी बॉक्सचा कोपरा वीतभर बाहेर जातो,
खाली कडुलिंबाचं मूळ आहे, दोरी तिथं उचलली जाते.
तीस वर्षं सगळ्यांना माहीत आहे,
रेफरीला, पाहुण्या संघालाही दुपारपर्यंत कळतं.
त्या वीतभर जागेवरनं एकदा मारामारी झाली,
एकदा सोयरीक जुळली.

पगार किती, तेही विचारलं मी. खोटं कशाला सांगू.
इथल्यापेक्षा तिप्पट.

जामनेर रोडच्या पुलावर फ्लेक्स लागलाय,
तिन्ही शेठ, मध्ये फुटबॉल, फुटबॉलवर मुकुट.
कुणी फलक घेऊन आलेलं नाही अजून.
उन्हं फार आहेत, आणि लग्नसराई.

दीपनगरच्या चिमण्यांमागं उजाडत आलं.
मी दोरी ताणली, डबा हलवला,
मधली रेष अर्धी झाली तोच
हमीदाबीची बकरी आली, रेषेवरनं गेली,
हाकलली तर उलटी फिरून पुन्हा गेली,
आणि गेटातून बाहेर, रस्त्यावर,
खुरांचे पांढरे ठसे टाकत
बाजाराच्या दिशेनं.
मी तिथं दोरी पुन्हा धरली.
ठसे पुसायला मला कुणी सांगितलेलं नाही.