खारा वारा, सहा तारा

वेंगुर्ल्यात लोखंड फार दिवस लोखंड राहत नाही.
खिडकीचे गज, सायकलची घंटी, बर्फ फॅक्टरीचा जिना,
आणि गिटारची सगळ्यात बारीक तार,
ती तर पंधरवड्यात तांबूस.
म्हणून मी गिटारी वर्षांनी मोजत नाही,
किती जुड्या तारा खाल्ल्या, त्यावर मोजतो.

पहिली बस्त्यावची. लाल, मानेत किंचित वाकलेली,
लग्नाच्या बँडमधून सुटून आलेली.
अँप नव्हता. भजनाचा अँप्लिफायर मागून आणला,
पण सप्त्याचा कर्णा पिंपळावर तसाच बांधलेला,
वायरही कोणी काढली नव्हती,
आणि माझा पहिला सूर, तोही चुकलेला,
दाभोसवाड्यापासून बंदरापर्यंत सगळ्यांना कळला.
दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात पारूकाकी म्हणाली,
"काल कोणाच्या म्हशीक काय झाला रे?"
बांगडे मात्र दोन जास्त घातले.

दुसरी माझी नव्हतीच.
कोल्हापूरच्या दुकानात, काचेआड, कडा मधाळ.
बघू का जरा, म्हटलं.
वीस मिनिटं.
भरती ओसरल्यावरच्या वाळूवर पाय पडतो तशी बोटं पडत होती,
घट्ट, तरी जराशी रुतत.
किंमत ऐकली आणि आंबोली उतरेपर्यंत
एस्टीत कोणाशी बोललो नाही.
निघताना वळून पाहिलं होतं:
दुकानदार पिवळ्या फडक्याने माझे ठसे पुसत होता.

तिसरी फणसाची.
सावंतवाडीचा पुंडलिक चितारी लाकडाची फळं करतो,
आंबे, सीताफळं, सोललेलं केळंसुद्धा.
त्याच्यापुढे वहीच्या पानावर आकृती काढली.
"पोटात पोकळी नाय, आणि वाजतला?"
त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.
पिकअपची तार गुंडाळली मोहसीनने,
पंख्यांच्या वाइंडिंगवाल्याने.
सात हजार वेढे सांगितले होते, मध्ये गिऱ्हाईकं येत राहिली,
आकडा चुकला, अंदाजाने पुढे गेला.
म्हणून तिचा आवाज जाड आहे, सर्दी झालेला.
वजन सहा किलो. खांद्यावर पट्ट्याचा वळ.
पाठीमागे, न सांगता, पुंडलिकने एक आंबा रंगवलाय,
देठाला एक पान.
बर्फ फॅक्टरीत कॉम्प्रेसर सुरू झाला
की ती आपोआप गुणगुणते.
मी थांबतो. तिचं होऊ देतो.

चौथी काळी, मेहुण्याने जहाजावरून आणलेली.
देखणी. कुठेच खोट नाही.
आठ महिन्यांत विकली.
होडीच्या इंजिनाला पैसे हवे होते, असं सांगतो,
आणि इंजिन घेतलंही.
पण खरं म्हणजे, तिच्यावर वाजवताना
चूक झाली तर ती माझीच असायची.

आत्ता लाइट गेलीय. फणसाची मांडीवर.
विजेविना विजेची गिटार
एवढीच वाजते की वाजवणाऱ्याला कळावं,
आणि पायाशी बसलेल्या मांजराला.
मांजर उठून गेलं.
बंदराकडून वारा सुटलाय, तारा पुसायला हव्यात,
खोबरेल लावलेलं फडकं इथेच कुठेतरी होतं,
चाचपडतोय, मिळत नाही.
राहू दे.
बोटांना गंजाचा वास येतोय,
नुकत्याच पाण्यातून काढलेल्या गळासारखा.