सपाट डोक्याचा तीन

हार्लेममध्ये, कालव्याच्या काठी,
वुबे टर्पस्मा पोलादाच्या बोटभर कांडीच्या टोकावर
अक्षर कोरायचा. उलटं.
आधी आतली पोकळी ठोकायची,
मग बाहेरचं नको ते काढायचं.
शाई लागते ती उरलेल्याला.

कांडी मेणबत्तीवर धरायची,
काजळी बसली की कागदावर दाबायची,
भिंगातून बघायचं, जीभ दातांत धरून.
पुन्हा कानस. केसाइतकी.
दिवसाला एक अक्षर म्हणजे
पाणी प्यायला फुरसत नाही.

आपली अक्षरं रेघेला धरून लोंबतात.
तिकडची पायांवर उभी राहतात,
म्हणून त्यांना तळवे लागतात,
दोन्हीकडे जरासे पसरलेले,
होडीत उभा राहणारा माणूस पाय फाकवतो तसे.

मालक म्हणाला, तीनचं डोकं गोल कर,
हल्ली तशीच रीत आहे.
वुबे म्हणाला, नाही.
त्यांच्याकडे तीन आणि आठ सख्खे भाऊ,
स्वस्त कागदावर शाई फुटली
की एकमेकांचे कपडे घालतात.
त्यानं तीनचं डोकं सपाटच ठेवलं,
मालवाहू बोटीच्या छतासारखं.
मालकानं खांदे उडवले आणि पैसे मोजले.

अक्षरं कामाला लागली:
भरती-ओहोटीची कोष्टकं, ट्यूलिपच्या कंदांची यादी,
स्तोत्रं, औषधाच्या बाटलीवरचं 'हलवून घ्या',
एक कादंबरीसुद्धा, जिचं मुखपृष्ठ भयंकर होतं.
कुणीही म्हटलं नाही, काय सुरेख टाईप!
वुबेला तेच हवं होतं.
लेउंत्ये जेवताना वर्तमानपत्र वाचायची
आणि हा सूप गार होऊ देऊन
बायकोचे डोळे बघत बसायचा,
कुठे अडखळतात का.

त्या फेब्रुवारीत समुद्र बांध फोडून आत आला.
झीलंडच्या बेटांवरची नावं छापून आली,
सर्वांत लहान आकारात, सहा स्तंभ,
नाव, गाव, घराचा नंबर.
याकोमिना क्लूट.
त्या गावात याकोमिना क्लूट दोन,
एकाच आजीवरून नाव ठेवलेल्या चुलत बहिणी,
एकाच बांधाखाली राहणाऱ्या.
एक आठ नंबरात.
दुसरी तीनमध्ये, ती लेउंत्येची थोरली.

अंक ओल्या गाडीतून आलेला. शाई पसरलेली.
लेउंत्येनं पान त्याच्यापुढे सरकवलं.
बोट टेकवलं नाही, नुसतं जवळ धरलं.
"हा तीन आहे की आठ?"

भिंगाची गरज नव्हती.
तरी त्यानं ते काढलं, पुसलं,
पुन्हा पुसलं.
ते डोकं अंगठ्याच्या नखालाही पाठ होतं.
आठ म्हणता आलं असतं.
पाणी ओसरेपर्यंत, चार दिवस तरी,
चाललं असतं.

"तीन," तो म्हणाला.

तिनं चष्मा काढला, घातला,
पान खिडकीकडे कलतं केलं.
"हो," म्हणाली. "आता दिसतंय.
स्पष्ट आहे."