रंग सुटला

तीनदा दूध नासलं.
दूध म्हणजे स्टायरीन आणि पाणी,
सत्तर अंशांवर, नायट्रोजनच्या बुडबुड्यांत,
रात्रभर ढवळलेलं.
तिसऱ्यांदा पहाटे चारला केगावची लाइट गेली,
ढवळणी थांबली,
फ्लास्कच्या तळाशी खरवडीसारखा गोळा.

चौथं जमलं.
उजेडाला धरलं की कडेला निळसर झाक,
म्हणजे कण बारीक,
केसाच्या जाडीत हजारभर मावतील असे.
त्यांना मी अमाइनचे हात लावले.
एकेकाला किती लागले, कोण मोजणार?
सरासरी तेवढी कळते.

रविवारी नान्ना डबा घेऊन आले.
अडतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या रंगखान्यात,
नखांच्या मुळाशी अजून जांभळं.
मोरचुदाच्या पाण्यात मी दूध सोडलं,
यंत्रात गरगर फिरवलं, नळी काढली:
वर नितळ पाणी, तळाला निळी टिकली.
"बसला की रंग," चष्मा कपाळावर सरकवत ते म्हणाले.
मग सवयीनं, "पण पक्का आहे का?"

मी आम्लाचे दोन थेंब टाकले, नळी हलवली.
रंग सुटला.

ते गप्पच झाले.
या दोन शब्दांवर त्यांच्याकडे
टॉवेलांचे गठ्ठे परत यायचे, पगार कापला जायचा.
सुटायलाच हवा, नान्ना.
तांबं परत मिळतं, कण रिकामे होतात,
उद्या पुन्हा धरायला.

त्यांनी नळी खिडकीशी नेली. बराच वेळ.
"आमच्या हौदात क्रोम पण असायचं," म्हणाले,
"ते धरतंय का हे?"

माहीत नाही.
वहीत लिहिलं: सोमवार, क्रोम.
डबा तोवर गार झाला होता.