दीड तास

सोहार बंदरामागच्या वर्कशॉपात
सत्तावीस वर्षं मी दाबमापकं तपासत आलो.
काटा शून्यावर परत येत नसेल
तर लाल पट्टी चिकटवून बाजूला ठेवायचं.
अर्ध्या टक्क्याची चूक चालते,
पण ती लिहावी लागते. खाली सही, दि. ग. साटविलकर.

मनगटावरचं घड्याळ मात्र कायम भारताचं.
इथे साडेअकरा म्हणजे
आई जेवून जरा आडवी झाली असेल,
एवढं नुसत्या नजरेनं कळावं,
तिची आठवण काढताना बेरीज करावी लागू नये.

शर्वाणी झाली तेव्हा ऑगस्ट संपत आला होता.
नर्स बाहेर येऊन मल्याळी वळणाच्या हिंदीत म्हणाली, लडकी.
आणि मी बापासारखा नव्हे, कारकुनासारखा
आधी घड्याळाकडे पाहिलं.
तीन चाळीस.
तेच बूथवरून राजापूरला ओरडून सांगितलं.
लेलेगुरुजींनी ती सोहारची वेळ धरली,
का नाही धरणार?

कर्क लग्न. मंगळ सहावा.
शत्रूंचा नाश करील, असं पत्रात होतं.
त्या वर्षी तिचे शत्रू म्हणजे
घामोळं आणि एसीचा आवाज.

तिसऱ्या रात्री नासर अल-बलुशी खजूर घेऊन आला.
पहाटे दवाखान्याच्या गच्चीवर नेऊन
दक्षिणेला, अगदी खाली, बोट दाखवलं. सुहैल.
हा दिसला की उकाडा मोडतो, म्हणाला.
मी म्हटलं, आमचा अगस्ती.
उकाडा पंधरा दिवस मोडला नाही.
त्याचे आजोबा डोंगरापायथ्याशी
ताऱ्यांवर पाटाचं पाणी वाटायचे.
अमका तारा कड्यावरून वर आला
की एकाच्या बागेचं पाणी बंद, दुसऱ्याचं सुरू.
आणि नशीब? मी विचारलं.
ते ज्यानं पाणी चोरलं त्याचंच सांगायचे,
आणि नेहमी खरं ठरायचं.

लग्नाच्या वेळी मुलाकडच्यांना पत्रिका हवी होती.
मी म्हटलं, आम्ही मानत नाही.
आणि झेरॉक्स काढून पाठवली.
छत्तीसपैकी सव्वीस, मंगळ नाही, कळवा तारीख.

आता खोली आवरतोय, करार संपला.
निडोच्या रिकाम्या डब्यात
सुमेधानं जपलेलं दवाखान्याचं कार्ड निघालं,
अरबीत एकदा, इंग्रजीत एकदा:
दोन वाजून आठ मिनिटं.
दोन मिनिटं नर्सच्या चालण्यात गेली असतील.
बाकीचा दीड तास माझा.

न मानणाऱ्या माणसानं मोबाइलवर ॲप उतरवलं.
न मानणाऱ्या माणसानं दोन-आठ भरलं,
आणि चाक फिरायचं थांबेपर्यंत
एकदाही श्वास घेतला नाही.
मिथुन लग्न. मंगळ सातवा.
जोडीदाराच्या घरात, पाय पसरून.

म्हणजे सव्वीस वर्षं पोर
दुसऱ्याच कुणाची तरी पत्रिका घेऊन हिंडली.
त्याच पत्रिकेवर पास झाली, लग्न झालं,
चार वर्षं भांडतेय, हसतेय,
आणि सगळं नीट आहे.
की नीट आहे तोवर नीट आहे?
यंत्र चुकीचं असून आकडा बरोबर येतो कधीकधी.
मीच नव्यांना शिकवतो,
त्यावर विश्वास ठेवू नका म्हणून.
पण इथे नक्की कशावर ठेवायचा नाही?

कार्ड डब्यात परत ठेवलं. सुमेधाला बोललो नाही.
खोटंच आहे तर सांगायला काय हरकत होती,
याचं उत्तर सापडत नाही.
लाल पट्टीचं रीळ समोर पडलंय.

काल शर्वाणीचा फोन आला.
बाबा, आधी माझी तरी चौकशी करा,
उचलला की निषाद कसा आहे, निषाद कसा आहे.
बरा आहे तो, रिगवर आहे, सोमवारी येईल.
बरं, म्हटलं.
म्हटलं, तिकडे लोखंडी जिने असतात ना गं,
त्याला सांग,
उतरताना कठडा धरत जा.