अर्थिंग

तिघे बोलून गेले. तिघांनीही तिला
‘मंदाताई’ म्हटलं.
बिडाचा तवा घासावा तसा आवाज होता तिचा,
त्यातून ही ताई कुठून काढली?

मी जेल रोडचा दामू पिंपळखरे, रेडिओवाला.
मला बोलायला सांगितलेलं नाही.
अँप्लिफायर तेवढा आणा, म्हणाले.
जुना आहे, काचेच्या व्हॉल्व्हचा, तापायला वेळ घेतो.
तर तो तापेपर्यंत.

बहात्तर साली ओंकारेश्वर रोड स्टेशनावर
एका दाढीवाल्या गोऱ्याने तिकिटापुरत्या पैशांत
गिटार विकली, एक तार कमी.
ती घेऊन मंदा खासगीवाले
छोट्या गाडीच्या दारात बसून इंदूरला आली.
पाय बाहेर, केस कापलेले,
आणि बुवांकडची बारा वर्षांची तालीम
पाताळपाणीच्या दरीत फेकून दिलेली.
असं ती सांगायची.
फेकली बिकली नव्हती. वर जाऊन किंचाळायची
तेव्हा किंचाळी नेमकी षड्जावर असायची.

याकूब ड्रमवर, लग्नाच्या बँडमधून पळवलेला.
महूचा केकी. पेटीवर बाळ्या उंडे.
नाव ठेवलं ‘पाच पैसे’.
चौघंच तर आहात, मी म्हणालो.
‘पाचवा तू. खोटा पैसा.’

सियागंजात मिरचीच्या गोदामात तालीम चालायची.
अर्धं शहर म्हणतं तिचा आवाज दारूने बसला.
मिरचीने बसला हो.

पहिल्याच दिवशी माइकने ओठांना झटका दिला.
मी धावलो. ती हसत होती. ‘अजून एकदा.’
त्या रात्री गोदामामागे खड्डा खणला मी,
तांब्याचा पत्रा, मीठ, कोळसा,
आणि वर काढलेली एक हिरवी वायर.
गांधी हॉलचा कार्यक्रम झाला, पेपरात छापून आलं:
या गाण्याला अर्थ नाही.
पेपर फडकवत दुकानात आली,
‘दाम्या, यांना खड्डा दाखव रे.’

सूर ती पेटीवरून घ्यायची नाही.
मिलचा तीनचा भोंगा व्हायची वाट बघायची
आणि गिटार त्याला जुळवायची.
शिफ्ट सुटलेली माणसं सायकली धरून उभी,
घामाने कापूस चिकटलेली, घर विसरलेली.
ती कुठल्या भाषेत गायची?
मराठी नाही, हिंदी नाही.
सराफ्यात रात्री दीडला गराडू तळताना
जी बोलतात, ती.
रॉकेलची रांग होती त्यात, बघायला आलेला मुलगा होता,
आणि भोंग्याला घातलेल्या शिव्या होत्या, भोंग्याच्याच सुरात.

मग याकूब दुबईला, केकी कॅनडाला.
बाळ्या बँकेत.
सत्ताविसाव्या वर्षी मरायचं असतं म्हणे अशांनी.
तिला ते जमलं नाही. एकाहत्तरपर्यंत जगली,
गुडघे धरून, पोह्यांवर दोनदा शेव मागून घेत.
‘शेवटी गाणं सोडलं त्यांनी,’ आत्ताच कोणी म्हणालं.
तीस वर्षं मूकबधिर शाळेत होती ती.
दर गुरुवारी लूनावर हीच पेटी बांधून
मी तिथे न्यायचो.
पोरं लाकडाला तळवे लावून बसायची,
आणि ती गायची, पूर्ण गळ्याने, दार उघडं टाकून.
एखादा पोरगा मध्येच हात उचलायचा,
ठेवायचा, पुन्हा उचलायचा.
‘बघ, हा सम पकडतोय,’ म्हणायची.

मिल गेली. भोंगाही.
तो सूर आता माझ्या कपाटात एका स्पूलवर आहे,
तिच्या आवाजाच्या आधी, तीन सेकंद.

चला, व्हॉल्व्ह लाल झाले.
याकूबची नात आली आहे, गिटार तीच,
तारा सहाच्या सहा.
पेटीतून घुंऽऽ येतेय. चिटणीस विंगेतून खुणावतात,
बंद करा ते.
मी वाकून वायर शोधल्यासारखं करतो.

पहिल्या रांगेतून ती पोरं उठून आलीत,
पोरं कसली, केस पिकलेत,
पेटीभोवती मांडी घालून बसलीत.
तळवे लाकडावर.
त्यांच्या लेखी
कार्यक्रम केव्हाच सुरू झालाय.