अभ्रा

अक्षता फोनवर फोटो सरकवते, एकामागून एक.
आई, हे बघ, मांडवीवरचं, गच्चीत तलाव.
ह्याच्यात न्याहारीलाच बेचाळीस पदार्थ.
तीन रात्री पणजीत, तू आणि मी. सांग, कुठलं घेऊ?

मी चष्मा पुसते.
तलाव बघत नाही, चादरीचा कोपरा बघते.

हे नको, बाय. कोपरा खोचलेला नाही, नुसता दडपलाय.
एका बाईच्या गळ्यात अठरा खोल्या मारल्या
की ती कोपऱ्यांशी खोटं बोलायला शिकते.

आणि हे? पाटोवरचं, काचेचं?
त्याच्या मागच्या गल्लीत पहाटे सहाला जाऊन ये.
कामाची माणसं कुंपणाला टेकून उभ्यानं चहा पितात.
त्यांना एक बाकडं नाही,
मग पुढच्या सोफ्यावर मला कसं बसवेल?

अगं, पाच तारे आहेत त्याला.

असतील. मी तारे कधी मोजले नाहीत,
टॉवेल मोजले. एकोणतीस वर्षं,
कांपालच्या मोठ्या हॉटेलच्या तळघरात,
जिथं भरती आली की फरशीला घाम फुटायचा.
आंघोळीचे वेगळे, तोंडाचे वेगळे, तलावाचे निळे.
हजारात तीन कमी भरले
तर ते माझ्या पगारातून.

वरची माणसं मी पाहिली नाहीत.
त्यांच्या चादरी पाहिल्या.
कोण एकटं आलं आणि एवढ्या पलंगाच्या
एका काठावरच झोपलं, ते कळायचं.
रक्त थंड पाण्यात जातं.
हळदीला साबण लागला की ती लाल होते, चिडल्यासारखी.
काजळाचं मात्र काही खरं नाही.

पिएदाद अभ्रे उलटे करून झटकायची.
मोत्याची एक कुडी पडायची, औषधाची चिठ्ठी,
एकदा दुधाचा दात,
कागदात गुंडाळलेला, वर न वाचता येणारी अक्षरं.
वरचा साहेब म्हणाला, दातासाठी कोण परत येतंय?
तिनं तो वर्षभर डब्यात ठेवला, सुयांबरोबर.

हे मी अक्षताला सांगत नाही.
तिला एवढंच आठवतं, माझ्या हातांना ब्लीचचा वास यायचा
आणि रिबन बांधून घेताना
ती श्वास धरून उभी राहायची.

मग शेवटी?

कांपालचंच घे.

तुझं? आई, तिथं आता काय भाव झालेत माहितीये?

भावाचं राहू दे. उसवलेला टॉवेल तिथं पुन्हा वर जात नाही.
एवढं मला ठाऊक आहे.

चौथ्या मजल्यावर खोली मिळाली.
कॅसिनोचे दिवे रात्रभर नदीत लोळत होते,
अक्षतानं त्यांचे फोटो काढले, पडद्याचे काढले,
साबणाचेसुद्धा.
मी चादरीचा कोपरा ओढून पाहिला.
हलला नाही. पाकिटासारखी घडी, धार काढलेली.
कोण गं तू, मनात म्हटलं, कुणाच्या हाताखाली शिकलीस?

तळघराकडे गेले नाही.
लिफ्टमध्ये खालचं बटण होतं,
पण त्याला आता किल्ली लागते.

निघायच्या सकाळी अक्षतानं टेबलावर पाकीट ठेवलं,
पाचशे रुपये, वर छान अक्षरात आभार.
ठीक आहे. ते वरच्यांना पोचतील.

ती आंघोळीला गेली तशी मी माझी उशी घेतली.
अभ्रा अर्धा उतरवला,
दोनशेची नोट तळाशी, शिवणीपर्यंत सरकवली,
पुन्हा चढवला, नीट ठेवला.

मग आठवलं. मानेच्या दुखण्यानं
मी तीन रात्री उशी घेतलीच नव्हती.
कोरी उशी बघून मुलगी अभ्रा बदलायची नाही,
तसाच ठेवेल, पुढच्या पाहुण्याला.

म्हणून मुठीनं तिला मधोमध एक खळगा पाडला,
केसातलं एक पांढरं त्यावर ठेवलं
आणि चपला घालून
दाराशी उभी राहिले.