एका हाताने उघडणारा डबा

डबा ठरवण्यातच दोन दिवस गेले.
स्टीलचा घ्या, प्रमिला म्हणाली. पण त्याचं झाकण
पोटाशी धरून ओढावं लागतं.
श्रीखंडाचा रिकामा होता, त्याला वेलदोड्याचा वास,
जखमेला कशाला सणाची आठवण.
शेवटी नातीचा शाळेचा निळा डबा काढला.
बाजूला खटका. अंगठा टेकवला की उघडतो.
डाव्या हाताने वीसदा उघडून पाहिला.

उजव्याला अंगठा आहे, करंगळी आहे,
आणि मधल्या जागेतून
ऐरोलीच्या आमच्या गॅलरीतून बघितलं तर
रबाळ्याची एक चिमणी बरोब्बर दिसते.

कापूस. गॉज. बँडेजच्या तीन गुंडाळ्या,
प्रत्येकीचं टोक आधीच दुमडून ठेवलं,
नाहीतर नखाने शोधत बसतो माणूस
आणि रक्ताला थांबायची सवय नसते.
पट्ट्यांच्या पाकिटांना कात्रीने चीर देणार होतो,
त्यावरून भांडण झालं. घाण जाईल आत, म्हणाली.
ती जिंकली. पाकिटं अख्खी राहिली,
दात माझे अजून आहेत.

चौथ्या मजल्यावरची ब्लेसी सिस्टर
ड्यूटीवरून येताना डबा तपासून गेली.
भाजलं तर मलम नको काका, नळाखाली धरा,
वीस मिनिटं, घड्याळ लावून.
मलमाची ट्यूब तरी ठेवलीच,
डबा अगदीच रिकामा वाटू नये म्हणून.
झाकणाच्या आत फोन नंबर,
चष्म्याशिवाय वाचता येतील एवढे.

कंपनीतही होती की पेटी.
भिंतीवर, काचेची, वर लाल अधिक,
आणि कुलूप. पितळी, चांगलं.
किल्ली गोखरू साहेबांकडे,
साहेब त्या दिवशी महापेला मीटिंगला.
इस्माईलने अंगातला शर्ट फाडला.
सोमवार होता, शर्ट धुतलेला होता,
एवढंच नशीब.
नंतर कुणीतरी काच फोडली म्हणे.
आत आयोडीनची बाटली, तळाशी करपलेली,
आणि एक कागद:
सर्व साहित्य पूर्ण. खाली सही.

आता हा डबा कुठे ठेवायचा?
कपाटात, प्रमिला म्हणाली, वरच्या कप्प्यात, पोरं हात लावतात.
मी दाराबाहेर ठेवला, चपलांच्या स्टँडवर,
पोरांचा हात पोचेल अशा उंचीला.

काल रात्री मोजलं.
एक पट्टी कमी.
जिन्यात, दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधे,
पाकीट पडलं होतं, दातांनी फाडलेलं.
तळमजल्यावरची ऊर्जिता सायकल शिकतेय
असं ऐकलं होतं. विचारलं नाही.

कोण काय नेतं ते लिहायला वही हवी,
प्रमिला सकाळपासून म्हणतेय.
सेक्टरच्या नाक्यावर स्टेशनरीचं दुकान आहे,
मी त्याच्यावरूनच गेलो,
मेडिकलमधून पट्ट्या घेतल्या,
दहा,
आणि परत आलो.